घोटीचा पंप आणि पहिलं हँडल

दाजी, तुम्हाला जाऊन दोन महिने होऊन गेले आणि घोटीचा पंप अजून सुरू झालेला नाही. तुम्ही सोडून गेलात तसाच तो शेडमध्ये उभा आहे. वरच्या दोन्ही काचेच्या बाटल्या कोरड्या, हँडलला तुम्हीच गुंडाळलेलं फडकं. ताई रोज सकाळी शेड झाडते, बाकीच्या पंपांवरची धूळ पुसते, आणि त्या एकाला वळसा घालून घरात येते. मी काही बोलायला गेलो की म्हणते, चहा टाकते. गेले दोन महिने मी तुमच्या घरी नुसता चहा ढोसतोय.

जुन्या मोटारी हौसेनं सांभाळणाऱ्या त्या गाड्यावाल्यांनी मला तुमच्यावर चार शब्द लिहायला सांगितलेत. त्यांच्या मेळाव्याची पुस्तिका निघणार आहे, त्यात तुमचा फोटो आणि खाली माझा मजकूर. जन्म, शिक्षण, सातपूरच्या कारखान्यातली नोकरी, स्वेच्छानिवृत्ती, छंद. दोनदा कागद घेऊन बसलो. 'कै.' एवढं लिहिलं आणि असा काही भडकलो की कागद फाडून टाकला. छंद म्हणे! पंधरा वर्षं तुम्ही रस्त्यावरचे टाकून दिलेले पेट्रोल पंप उचलून आणलेत, बिघडलेले खोललेत, जोडलेत, रंगवलेत, आणि माझ्या बहिणीच्या तुळशीवृंदावनाला अंगणातून हुसकावून तिथे पत्र्याची शेड घातलीत. ह्याला छंद म्हणत नाहीत. म्हणून ठरवलं, त्यांना काय द्यायचं ते नंतर बघू. आधी तुमच्याशीच बोलून घेतो.

पहिला पंप तुम्ही दिंडोरीहून आणलात तेव्हा मी तुम्हाला वेडा म्हणालो होतो. तोंडावर नाही, ताईजवळ. ताईनं ते अर्थातच तुमच्यापर्यंत पोचवलं. एका द्राक्षबागायतदाराच्या शेडमध्ये, फवारणीच्या पंपाच्या मागे, घड्याळासारखी तबकडी असलेला तो पुरुषभर उंचीचा सांगाडा पडून होता. तुम्ही टेम्पो करून तो आणलात. जुना रंग काढायला पिंपात कॉस्टिक सोड्याचं पाणी केलंत आणि दारं, पट्ट्या, तबकडी सगळं एकदमच आत सोडलंत. लोखंड झकास निघालं. तबकडी ॲल्युमिनियमची होती. पाण्याला फेस आला, वास सुटला, आणि काठीनं ढवळून बघता तर तबकडी नाहीच! टूलरूममध्ये उभा जन्म काढलेला माणूस, आणि ॲल्युमिनियम कॉस्टिकमध्ये टाकतो. तुम्ही जेवला नाहीत त्या दिवशी.

आणि मग दुसऱ्या दिवशी माझ्या दारात. हातात कापून घासलेला गोल पत्रा. "मास्तर, आकडे काढून द्या." मी शाळेत ड्रॉइंग शिकवतो, पेट्रोल पंपाचं घड्याळ कधी जवळून बघितलंही नव्हतं. आकडे कसे होते, विचारलं तर तुम्हाला नीट आठवेना. शेवटी आपण दोघं तुमच्या स्कूटरवरून दिंडोरीला गेलो आणि त्या बागायतदाराला विचारलं. छाटणी सोडून तो बिचारा बांधावर उकिडवा बसला, डोळे मिटले, बराच वेळ आठवत राहिला आणि म्हणाला, पाचाचं पोट लय मोठं व्हतं. बस, एवढंच. त्या एका पोटावरून मी सगळी तबकडी बेतली. ती अजून तशीच आहे आणि येणारे जाणकार तिला अस्सल समजतात. आपण कधी कुणाला काही बोललो नाही.

त्या दिवसापासून मी अडकलो. तुम्ही यंत्र बघायचं आणि मी रंग-अक्षरं, अशी वाटणीच झाली. मेळाव्याला लोक एकेक गाडी घेऊन यायचे, पितळ घासलेलं, चामड्याच्या गाद्या, ड्रायव्हरला टोपी. आपण टेम्पोतून पंप न्यायचो. सगळ्यांना त्याच्याशेजारी गाडी उभी करून फोटो काढायचा असायचा. मग कुणीतरी विचारायचंच, तुमची गाडी कोणती? तुम्ही शांतपणे कोपऱ्यातल्या स्कूटरकडे बोट करायचात. गाडीच नाही तर हे कशाला करता, असंही एकानं विचारलं होतं. सगळ्यांनीच गाड्या आणल्या तर पेट्रोल कोण भरणार, असं तुम्ही म्हणालात आणि नळीचं टोक पुसत राहिलात. मी बाजूला उभा होतो. मला तेव्हा तुमचा फार अभिमान वाटला होता, आणि मी तो तुमच्यापाशी कधी बोलून दाखवला नाही. शालकानं दाजींची टिंगल करायची असते, तेवढी मी इमानानं केली.

पहिल्या हँडलची रीत त्याच दिंडोरीच्या पंपावर पडली. सगळं जोडून झालं, ड्रममध्ये ताईच्या रेशनचं निळं रॉकेल ओतलं, तुम्ही हँडल मारताय, मी मारतोय, आणि वर थेंब चढेना. ताई चहाचे कप न्यायला आली. स्वयंपाकाचं रॉकेल नेलंत म्हणून आधीच धुसफुसत होती. तिनं रागारागानं आपल्याला बाजूला केलं आणि हँडल दोन्ही हातांनी असं ओढलं की पंपानं घसा खाकरला आणि नळीतून धार आली. तुम्ही बराच वेळ तिच्याकडे बघत राहिलात. त्यानंतर प्रत्येक पंपाचं पहिलं हँडल तिचंच. नवी साडी नाही, नारळ नाही, मंत्र नाही. पंप तयार झाला की तुम्ही तिला हाक मारायची, तिनं हात पुसत यायचं, हळदीकुंकवाचं बोट लावायचं आणि ओढायचं. तिनं ओढेपर्यंत तुम्ही पंपाला पूर्ण झालाय असं म्हणायचा नाहीत. कुणी बघायला आलं तरी म्हणायचात, अजून काम चालू आहे.

आता घोटीचा. हा सगळ्यांत जुना, बाटल्यांचा. वर काचेच्या दोन बाटल्या, हँडल पुढे-मागे केलं की एक भरते, खालची कळ फिरवली की ती गाडीत रिकामी होते आणि तोवर दुसरी भरायला लागते. जुन्या आग्रा रोडवर असा एक होता, हे तुम्ही कुठूनतरी ऐकलं होतं. सापडला तो भाताच्या गिरणीमागे. कोंबड्या वर बसलेल्या आणि खाली म्हैस बांधलेली. गिरणीवाल्याच्या आईशी तुम्ही तासभर बोललात. ती म्हणाली, "न्या की. पर म्हशीला दुसरा खुटा ठोकून द्या, आन् चांगला खोल." तुम्ही पॅन्ट गुडघ्यापर्यंत वर करून स्वतः खुंटा ठोकलात. म्हशीनं एक हिसका दिला, खुंटा हलला नाही, तेव्हाच म्हातारीनं पंपाला हात लावू दिला.

ह्याच पंपावरून आपलं भांडण झालं, आणि दाजी, ते अजून मिटलेलं नाही. पाणकागदानं घासताना लालखाली निळा लागला, निळ्याखाली पांढरा, आणि पांढऱ्यावर कुणा गावच्या पेंटरनं काढलेलं 'घोटी'. 'घो'चा काना तिरका, 'टी'ची वेलांटी जागा पुरली नाही म्हणून आखडलेली. मी म्हणालो, थांबा, हे असंच ठेवायचं. तुम्ही म्हणालात, पुसून पुन्हा रंगवायचं, तुम्ही छान काढा. मी म्हणालो, छान तर कुणीही काढेल, ह्या माणसाचा हात कुठून आणणार? तुमचं म्हणणं असं की म्हातारा माणूससुद्धा लग्नाला निघाला की दाढी करतो, धुतलेला सदरा घालतो, मळका जात नाही. मी म्हणालो, तुम्ही त्याची दाढी करत नाही, कातडंच सोलता. मग तुम्ही आठवडाभर माझ्याशी बोलला नाहीत आणि ताई मधल्यामध्ये निरोप पोचवत राहिली. शेवटी तुम्ही पुढची बाजू लाल केलीत, आरशासारखी, आणि मागची माझ्यासाठी घासल्या अवस्थेत सोडलीत. पुढून तुमचा पंप, मागून माझा. मेळाव्यात कुठली बाजू लोकांकडे करायची ह्यावर पुन्हा जुंपणार होती. मी मुद्दे तयार ठेवले होते. अजून आहेत. कधीकधी आंघोळ करताना मी तुम्हाला ते ऐकवतो आणि तुमच्या वतीनं उत्तरंही मीच देतो. ती उत्तरं कच्ची असतात. तुम्ही ह्याहून बरी दिली असतीत.

एक गोष्ट मात्र सांगायची राहूनच गेली. माझा हात थरथर कापायला लागला तेव्हाची. ड्रॉइंग मास्तरचा हात कापणं म्हणजे काय असतं हे मी घरात कुणाला कळू दिलं नव्हतं. फळ्यावर मुलांकडे पाठ असायची म्हणून निभायचं. तुमच्या शेडमध्ये मी एक अक्षर काढलं, त्याची रेघ थरथरली, मी पुसलं, पुन्हा काढलं, पुन्हा तेच. तुम्ही पलीकडे काहीतरी कानसत होतात, वर बघितलंसुद्धा नाही. पुढच्या वेळी आलो तर खिळ्यावर एक सागवानी पट्टी टांगलेली, एका टोकाला कापडाचा गोळा घट्ट बांधलेला. हात टेकून रंगवता यावं म्हणून. कुणासाठी, कशासाठी, एक शब्द नाही. मी ती घेतली आणि कामाला लागलो. रेघ सरळ आली. त्या दिवशी घरी जाताना त्र्यंबक रोडला मी सायकल बाजूला घेऊन थांबलो होतो, कारण पुढचं नीट दिसत नव्हतं. दाजी, हे तुम्हाला तोंडावर सांगायला काय झालं होतं मला? आभार मानले असते तर तुम्ही म्हणाला असतात, पट्टीला पॉलिश करायचं राहिलंय. तेवढंही चाललं असतं.

तुम्ही गेलात त्या आठवड्यात घोटीच्या पंपाचं सगळं काम झालं होतं. चामड्याचे वायसर एरंडेलात भिजवून बसवले होतेत, कळ फिरत होती, ड्रममध्ये रॉकेल ओतून ठेवलं होतं. रविवारी ताईला हाक मारायची, एवढंच बाकी. शुक्रवारी तुम्हाला दवाखान्यात नेलं.

मग ह्या लोकांचं सुरू झालं. गाड्यावाले भेटायला आले, चांगलं बोलले, खोटं कशाला सांगू. त्यांचं म्हणणं, तुमच्या आठवणीसाठी मेळाव्यात ह्या पंपाचं उद्घाटन करू, पाहुण्यांच्या हस्ते हँडल मारू. तिथे तुमच्या थोरल्या वहिनी, माई, बसल्या होत्या. त्या लगेच म्हणाल्या की तेच बरं, पाहुण्यांनी नाहीतर एखाद्या सवाष्णीनं मारावं, हिनं आता त्या हळदीकुंकवाच्या भानगडीत पडू नये, लोक काय म्हणतील. दाजी, माझं डोकंच फिरलं. तुमचं घर म्हणून गिळलं, नाहीतर माईंना त्या दिवशी मी ऐकवलं असतं. ताई खाली मान घालून रिकामे कप गोळा करत होती.

सगळे गेल्यावर मी सुटलो. म्हणालो, पहिलं हँडल तूच मारायचं. मेळाव्यात, भर मैदानात, सगळ्यांच्या समोर, आणि पाची बोटं भरून कुंकू लावायचं पंपाला. कोण काय बोलतं तेच बघतो. माझा आवाज इतका चढला होता की शेजारच्या खिडकीत कुणीतरी आलं. ताईनं कप तसेच मोरीत ठेवले, पदराला हात पुसले आणि माझ्यासमोर येऊन बसली.

"बाळू, तुझा राग तू माझ्या हातानं काढू नकोस," ती म्हणाली.

तिनं मग हळूहळू सांगितलं. माईंचं तिनं मनावर घेतलंच नव्हतं. माई लग्नाच्या मांडवापासून असंच बोलत आल्यात. तिची अडचण वेगळी होती. मी ओढलं की तो पंप पूर्ण झाला, ती म्हणाली. तोवर ह्यांचं काम चालू आहे. सकाळी झाडायला जाते तेव्हा पाने-पकडी तशाच पडलेल्या असतात, फडकं तसंच असतं, वाटतं, चहा घ्यायला आत गेलेत. एकदा पंप सुरू झाला की शेडमध्ये ह्यांचं करायचं काही उरलंच नाही रे.

दाजी, मी इतकी वर्षं शाळेत पोरांना ओरडण्यात घालवली, पण माझा आवाज कधी असा पडला नव्हता. मी म्हणालो, मग राहू दे. कुणीच नको मारायला. गाड्यावाल्यांना मी सांगतो, पंप मिळणार नाही. आणि खरोखर सांगितलंही. त्यांनी पुष्कळ आग्रह केला, मी ऐकलं नाही. तुमचं काम आहे तसंच उभं राहू दे, काय व्हायचं ते होऊ दे, असं मला मनापासून वाटलं.

पण तुमचा धंदा कसला चिकट. वायसर चामड्याचे. ते कोरडे पडले की आकसतात, आकसले की चिरतात, हे तुम्ही मला शंभरदा ऐकवलंय. म्हणून तर तुम्ही दर रविवारी प्रत्येक पंपाला चार हात मारायचात, पाहुणा येवो न येवो. मला ते दिसत होतं. वायसरांना पाजलेलं एरंडेल उतरत चाललं असणार आणि हा पंप एकदाही हललेला नव्हता. तसाच ठेवला तर वर्षभरात आतून जाणार आणि तुम्ही दीड वर्ष केलेलं काम उकिरड्यावर. ताईला कसं सांगावं कळेना. गेला आठवडाभर मी तिच्याकडे जाऊन पुन्हा नुसता चहा पिऊन येतोय.

इथवर तुमच्याशी परवा बोलून झालं होतं. पण सांगावं लागलंच नाही. काल सकाळी गेलो तर शेडचं दार उघडं. ताई घोटीच्या पंपासमोर स्टुलावर बसली होती. हँडलवरचं फडकं सोडून, घडी करून मांडीवर ठेवलेलं. मला म्हणाली, वायसर सुकत असतील ना रे? मी म्हणालो, हो. म्हणाली, ह्यांना ते आवडलं नसतं.

कुणी नव्हतं. माई नव्हत्या, पाहुणे नव्हते, गाडी नव्हती. तिनं घरातून करंडा आणला होता. बोट बुडवलं, क्षणभर थांबली, आणि पंपाच्या कपाळाला नेहमीसारखं लावलं, ना जास्त ना कमी. मग पदर खोचला आणि दोन्ही हातांनी ओढलं. पहिल्या दोन हातांना नुसता घरघराट. तिसऱ्याला आत काहीतरी धरलं, आणि बाटलीच्या बुडाशी निळं रॉकेल दिसलं. चढत गेलं, चढत गेलं, पाच लिटरच्या रेघेला टेकलं. मी कळ धरून उभा होतो, तिनं सांगितलं की फिरवायची. ती सांगेना. ओढतच राहिली. ह्या पंपात रेघेच्या वर गेलेलं सगळं आतल्या नळीतून परत खाली ड्रममध्ये जातं, सांडत नाही, कितीही ओढा. तुम्हाला त्याचं केवढं कौतुक होतं. रॉकेल रेघेवर हलत होतं, खाली परत पडल्याचा आवाज येत होता, आणि ताई ओढत होती. घामानं तिचं कुंकवाचं बोट लाल ओघळलं. मी पुरे म्हणालो नाही.

कितीतरी वेळानं ती थांबली. हँडलवर कपाळ टेकलं, तशीच उभी राहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "चालतोय रे."

चालतोय, दाजी. एका थेंबाचीही गळती नाही. तुम्ही नाही आणि तो चालतोय, हेच मला सहन होत नाही.